खळ

ट्रॉय गावात, हडसन नदीच्या काठी,
जिथे एकेकाळी अमेरिकेच्या कॉलरी शिवल्या जायच्या
(सदरा नाही, नुसत्या कॉलरी,
बटणानं गळ्याला अडकवायच्या, मळल्या की तेवढ्याच धुवायच्या)
त्या लाल विटांच्या पाच मजली कारखान्यात
आता आम्ही तेवीस जण भाड्यानं चित्रं काढतो.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. पूर्वीचं इस्त्रीखातं.
खिडक्या अकरा, उघडतात दोन.
भिंतीवर फिकट अक्षरं अजून आहेत: बोलू नये.
त्याखाली आमची चहाची किटली.

पहिल्या दिवशी झाडू मारला
तेव्हा फळ्यांच्या फटींतून टाचण्या निघाल्या.
दुसऱ्या दिवशीही निघाल्या.
सहा वर्षं झाली, निघताहेत.
दोरीला लोहचुंबक बांधून मी रात्री जमिनीवर फिरवते,
कुणी कुत्र्याला फिरवावं तसं,
आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाचण्या झटकते.
बरणी तिसरी चालू आहे.

वर चौथ्या मजल्यावर वेंडेल पॉलकिस राहतो.
राहतो म्हणायचं नाही.
करारात लिहिलंय, इथे काम करावे, निजू नये.
म्हणून आम्ही म्हणतो, वेंडेल उशिरापर्यंत काम करतो.
वय एकाहत्तर. बायको गेली, घर विकलं,
तेव्हापासून एकच चित्र: मालवाहू लिफ्टचं दार.
निळं करतो, खरवडतो,
पुन्हा निळं.

मार्चमध्ये अग्निशमनाचा इन्स्पेक्टर आला.
डेल्फीननं तळमजल्यावरून पाइपवर पाना आपटला, तीनदा,
आणि लग्नघरात वरात दाराशी आल्यासारखी धावपळ.
गादी कॅनव्हासमागे.
शेगडी डेल्फीनच्या प्लास्टरच्या घोड्याच्या पोटात,
पोट अजून बुजवायचं होतं म्हणून बरं.
उशी माझ्या छापयंत्राखाली.

पोरगेलासा माणूस, बुटांवर चिखलाचा बर्फ.
वेंडेलच्या टेबलावर डबा: ब्रश नऊ, टूथब्रश एक.
त्यानं नेमका तोच उचलला.
"हा कशासाठी?"
"बारीक कामासाठी," वेंडेल म्हणाला.
इन्स्पेक्टरनं वहीत काहीतरी लिहिलं, बराच वेळ.
जाताना एवढंच: जिन्यातला घोडा हलवा,
आग लागली तर माणसं कुठून जाणार.

तो घोडा हलवताना फळी उचकटली
आणि खाली, कॉलर.
जुन्या पंचांगासारखी पिवळी.
आतल्या बाजूला पेन्सिलच्या रेघा,
चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी,
शेवटी तीनच.
कुणीतरी आपल्या डझनांचा हिशेब
मुकादमाच्या वहीवर सोडला नव्हता.

डेल्फीन म्हणाली, काचेत लावू.
वेंडेलनं ती सरळ गळ्याला लावली.
पुठ्ठ्यासारखी कडक, शंभरावर वर्षांनीही.
"मान वळत नाही," म्हणाला,
"म्हणूनच जुन्या फोटोंत सगळे एकाच बाजूला बघतात."

खळ, मी मनात म्हटलं.
बाबा इचलकरंजीला सायझिंगमध्ये होते,
सुताला खळ देणं हाच आयुष्यभराचा धंदा,
आणि घरी येताना त्यांचा स्वतःचा शर्ट कायम मऊ, घामानं लोळागोळा.
कॉलर ताठ करून चालणं त्यांना जमलंच नाही,
किंवा कुणी चालू दिलं नाही,
हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मेपासून भाडं वाढणार आहे. पत्र आलंय.
वेंडेलनं ते पॅलेट म्हणून वापरलं.

आज रात्री मी त्या रेघा छापतेय,
कॉलरला शाई न लावता, नुसत्या नजरेनं लाकडावर उतरवून.
शेवटच्या तिघींपाशी हात थांबतो.
चौथी ओढायची राहून का गेली?
भोंगा झाला असेल. बोट भाजलं असेल.
की कॉलर फटीत पडली, आणि ती बाई नंतर दिवसभर शोधत राहिली?

वर खरवडण्याचा आवाज चालू आहे,
दोन वाजले तरी खळ नाही.

मग थांबतो.
निजला वाटतं.
म्हणजे, काम करतोय.